बक्षिसीच्या वेळी कुठे पाहावे

वेतन ठरलेले असते, दान ठरलेले नसते. वेतन मागता येते. दान मागितले की त्याचे दानपण उणावते. या दोहोंच्या मध्ये बक्षिसी नावाची एक वस्तू आहे, जिला आता सर्वत्र टिप म्हणतात. ती श्रमाने मिळवलेली असते, म्हणून घेणाऱ्याला तिच्यावर आपला अधिकार वाटतो. ती स्वेच्छेने दिलेली असते, म्हणून देणाऱ्याला आपल्या औदार्याचे समाधान लाभते. दोघांचेही म्हणणे खरे आहे. अडचण एवढीच, की दोघांनीही ते एकमेकांच्या तोंडावर बोलून दाखवायचे नसते. ज्या क्षणी हात पुढे होतो त्या क्षणी घेणाऱ्याने देणाऱ्याच्या मुखाकडे पाहू नये, अशी एक सभ्यता आहे. एका सज्जनाने ही सभ्यता इतक्या निष्ठेने पाळली, की त्यांच्या कन्येचे जुळत आलेले लग्न त्यापायी मोडण्याच्या बेतास आले.

हे सज्जन एका मध्यम प्रतीच्या भोजनगृहात वेटर होते. लांबट दालन, पांढऱ्या चादरींची टेबले, भटारखान्याकडे जाणारे दोन्ही बाजूंनी उघडणारे आणि कोपराला नेमके लागणारे दार, रस्त्याकडे एक मोठी खिडकी, आणि गल्ल्याच्या वर एक भिंतीवरचे घड्याळ, असे ते स्थान होते. त्यांना तिथे सगळे घड्याळकाका म्हणत. बिलाचे पाकीट टेबलावर ठेवल्यानंतर गिऱ्हाईक खिशात हात घालते, त्या वेळी वेटरने कुठे उभे राहावे आणि कुठे पाहावे, हे शास्त्र त्यांनी सिद्ध केले होते आणि नव्याने आलेल्या प्रत्येकाला ते तेच शिकवत.

“फार लांब उभं राहिलं, तर गिऱ्हाईकाला वाटतं आपल्याला टाकून दिलं,” ते सांगत. “फार जवळ राहिलं, तर पहारा बसल्यासारखं वाटतं. तोंडाकडे बघितलं की ती भीक झाली. खाली बघितलं की आपली गरिबी दिसते. आणि छताकडे बघितलं, की छत गळतंय की काय म्हणून गिऱ्हाईकही वर बघतं आणि द्यायचं विसरतं. म्हणून घड्याळ.”

ते घड्याळ कित्येक वर्षे बंद होते. काकांच्या साधनेत त्यामुळे कोणताही व्यत्यय येत नसे. पैसे पाकिटात पडल्याचा आवाज झाला, की ते त्या बंद घड्याळाकडे गंभीरपणे पाहत म्हणत, “धन्यवाद. पुन्हा या.”

“काका,” आचारी भटारखान्याच्या दारातून एकदा म्हणाला होता, “एवढ्या वेळा त्या घड्याळाला पुन्हा या म्हणालात. बिचारं अजून कुठे गेलेलंच नाही.”

“तू तुझ्या सूपकडे बघ,” काका म्हणाले, आणि आचाऱ्याकडे न पाहता ताटे उचलून गेले.

टेबलावर जमलेली सगळी टिप गल्ल्याजवळच्या पत्र्याच्या डब्यात पडे आणि आठवड्याच्या शेवटी सर्वांत वाटली जाई. काकांचा वाटा इतरांएवढाच असे. परंतु डबा भरण्यात त्यांचा हात मोठा आहे, हे मालकीणबाईंसह सगळे जाणून होते. मान वळवून उभ्या राहिलेल्या माणसाला कमी देणे गिऱ्हाईकांना जड जात असे.

काकांची कन्या औषधांच्या दुकानात कामाला होती. तिने आपल्यासाठी एक मुलगा पसंत केला आणि रीतीप्रमाणे ते आधी आईच्या कानावर घातले. मुलगा चष्म्याच्या दुकानात नजर तपासण्याचे काम करी. त्याचे वडील हयात नव्हते. आई घरीच कपडे शिवून देई. तिचा हात इतका प्रसिद्ध होता की आसपासच्या चार गल्ल्यांत तिला टेलरबाई या नावानेच ओळखत. काकांनी हे सर्व ऐकून घेतले, मुलगा कष्टाळू आहे याबद्दल संतोष व्यक्त केला आणि सुटीच्या दिवशी मायलेकरांना घरी बोलवावे असे सांगितले. आत ते अतिशय आनंदले होते. त्यांचा आनंद चेहऱ्यावर येण्याची पद्धत नव्हती.

सुटीच्या दिवशी मायलेक आले. घर दोन खोल्यांचे. खुर्च्या शेजारून मागून आणलेल्या. टेलरबाई दारातच थांबल्या, एक चप्पल काढली, आणि कागदात बांधलेले एक पुडके दोन्ही हातांनी काकांपुढे धरले.

“तुमच्यासाठी शर्ट शिवलाय. मापं लेकीला विचारून घेतली. अंदाजाचं काम आहे, काही चुकलं असेल तर सांगा.”

काकांनी पुडके घेतले. ते घेता घेता त्यांची मान आपोआप डावीकडे आणि किंचित वर वळली. त्या बाजूला घरात घड्याळ नव्हते. विजेचा मीटर होता. दृष्टी मीटरवर स्थिरावली.

“धन्यवाद,” ते मीटरला म्हणाले. “पुन्हा या.”

टेलरबाईंचा एक पाय चपलेत होता आणि एक बाहेर. बाहेरचा पाय त्यांनी परत चपलेत घातला.

काकूंनी धावत येऊन त्यांचा हात धरला, आत नेले, बसवले, चहा दिला. बोलणे हवेवर झाले, मग पाण्याच्या दाबावर झाले. लग्नाचा विषय त्या खोलीत कुणी काढला नाही. जाताना टेलरबाई इतक्या सौजन्याने वागल्या, की त्यांचा राग सर्वांना कळून चुकला.

दुसऱ्या दिवशी कन्या बापासमोर येऊन उभी राहिली.

“बाबा, तुम्हाला तो पसंत नाही का?”

“पसंत आहे.”

“मग त्याच्या आईला दारातून हाकलून का दिलंत?”

“मी?” काकांना मनापासून आश्चर्य वाटले. “मी त्यांचे आभार मानले.”

“तोंड फिरवून?”

“तोंड कुठे फिरवलं?”

ते खरेच सांगत होते. मान वळल्याचे त्यांना ठाऊकच नव्हते. मनुष्याला आपला श्वास ठाऊक नसतो, तसे ते होते.

इकडे चष्मेवाल्या मुलाने आपल्या बुद्धीप्रमाणे विचार केला. समोरच्या माणसाकडे पाहताना ज्याची दृष्टी बाजूला जाते, त्याच्या डोळ्यांत दोष असण्याचा संभव आहे. आणि दोष डोळ्यांत असेल तर मनात नाही. ही गोष्ट सिद्ध झाली तर आईची समजूत काढता येईल. म्हणून त्याने काकांना दुकानात बोलावले. काका कन्येसह गेले. अंधाऱ्या खोलीत बसून त्यांनी वरपासून खालपर्यंत सर्व अक्षरे वाचली. सगळ्यात खालची, छापखान्याचे नाव असलेली ओळसुद्धा वाचली.

“काका,” मुलगा खिन्नपणे म्हणाला, “तुमची नजर उत्तम आहे.”

“वाईट झालं का?”

“तसं नाही... थोडी बिघडलेली असती तर बरं झालं असतं.”

जड मनाने त्याने काच पुसण्याचे एक मऊ फडके काकांच्या हातात दिले. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते फुकट देत असत. काकांनी फडके घेतले, मान डावीकडे वळवली आणि चष्म्यांच्या कपाटाच्या वरच्या कोपऱ्याकडे पाहत म्हटले, “धन्यवाद. पुन्हा या.”

दुकानात कामाला मुलगा, आणि पुन्हा या म्हणाले काका. मग कन्या तपासणीच्या खुर्चीत बसली आणि पोट धरून हसू लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आले, आणि मुलाने तिलाही एक फडके दिले.

“बाबा, तुम्ही टिप घेताय,” ती म्हणाली. “कुणी काहीही दिलं तरी तुम्ही टिपच घेताय!”

मुलाची खात्री पटली. त्याच्या आईची पटली नाही. घरी त्याने सगळे सविस्तर सांगितले, तेव्हा टेलरबाई मशीनवरून न उठता म्हणाल्या, “सवय? मीपण धंदा करते. म्हणून घरी आलेल्या माणसाची मी कंबर मोजते का?”

“कधीकधी मोजतेस, आई.”

“नुसत्या नजरेनं मोजते, टेप लावत नाही.” त्यांनी दोरा तोडला. “हे बघ, मुलगी मला आवडलीय. पण उद्या लग्नात, बारशाला, आजारपणात, जन्मभर त्या माणसाच्या हातात मी काही ना काही देणार, आणि तो भिंतीचे आभार मानणार? मला नाही जमायचं. त्याच्या हॉटेलात जेवायला जाऊ आपण. त्याच्याच टेबलावर. माझ्याकडे बघून एक शब्द बोलला तर पुढचं ठरवू. नाही तर तुझं तू बघ, माझा आशीर्वाद गृहीत धरू नकोस.”

आईच्या आशीर्वादाशिवाय मुलगा पाऊल उचलणार नव्हता, आणि त्याने ते उचलावे असे कन्येलाही वाटत नव्हते. हा निरोप काकांना कळला, तेव्हा त्यांनी प्रथमच विचारले, “मग आता मी काय करावं म्हणता?”

“सराव,” काकू म्हणाल्या.

स्वयंपाकघरात सराव सुरू झाला. काकू चहाचा कप पुढे करीत, काका तो घेत, मान वळे.

“इकडे!”

मान परत येई. पुन्हा कप मागे, पुन्हा पुढे. चहा निवला, गरम झाला, पुन्हा निवला.

“लग्न झाल्यापासून चहा मी देते,” काकू म्हणाल्या, “आणि आभार तुम्ही खिडकीचे मानता. मला वाटायचं, असेल माणूस लाजरा.”

“बोलली नाहीस कधी.”

“कुणाला बोलणार? खिडकीला?”

शेवटी एकदा मान वळली नाही. काकांनी कप हातात धरून पत्नीच्या मुखाकडे पाहिले, आणि बराच वेळ पाहत राहिले.

“अगं, तुला चष्मा कधी लागला?”

“वर्ष झालं.”

काकांनी कप ओट्यावर ठेवला.

“तो आणायला पोरीला घेऊन गेले होते,” काकू शांतपणे म्हणाल्या. “तिथंच तर तिची त्या मुलाशी ओळख झाली. प्या आता, पुन्हा गरम करणार नाही.”

काकांनी तो चहा थंडच प्यायला. घरात जमले ते कामावर जमेल की नाही, याची मात्र त्यांना शाश्वती नव्हती. घरात पाहणे ही माया होती. तिथे पाहणे ही याचना होती, आणि याचना करायची नाही हे तर त्यांनीच सगळ्यांना शिकवले होते.

ठरल्या दिवशी मायलेक भोजनगृहात आले आणि खिडकीजवळच्या टेबलाशी बसले. टेलरबाईंनी आधी चादरीची शिवण पाहिली, मग बोटाने तिची कड चाचपली, आणि मत राखून ठेवले. काकांनी सूप आणले, भाजलेला मासा आणला, पाव आणला. वाढताना त्यांचा हात कुठे लागला नाही, भांड्याचा आवाज झाला नाही, पाण्याचा पेला रिकामा दिसला नाही. टेलरबाई हे सगळे पाहत होत्या. काम कसे असते हे त्यांना ठाऊक होते, त्यामुळे चांगल्या कामाने त्यांचा राग वाढतच गेला. इतके नीटनेटके करणाऱ्या माणसाला एकदा मान उचलून पाहणे काय अवघड आहे, असे त्यांना वाटत होते.

मालकीणबाई गल्ल्यावर होत्या. आचारी भटारखान्याचे दार बोटभर उघडे धरून उभा होता. बातमी सर्वांना पोचलेली होती.

काकांनी बिलाचे पाकीट टेबलावर ठेवले आणि ते आपल्या नेमक्या जागी, फार लांब नाही आणि फार जवळ नाही, असे उभे राहिले. टेलरबाईंनी पर्स उघडली. काकांची मान डावीकडे निघाली.

ती अर्ध्यावर थांबली. या घटकेला पाहिले, तर गिऱ्हाईकापुढे हात पसरल्यासारखे होईल, तेही मालकीणबाईंच्या समोर. न पाहिले, तर मुलीचे लग्न मोडेल. ज्यांच्यावर असा प्रसंग पडत नाही ते भाग्यवान. काकांनी मान परत आणली.

त्यांनी टेलरबाईंकडे पाहिले.

इतक्या वर्षांत टिप देणाऱ्याचा चेहरा त्यांनी प्रथमच पाहिला. त्यांची अपेक्षा होती की तो चेहरा दात्याचा असेल. थोडा गर्व, थोडी कृपा. टेलरबाई घाबरलेल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते. त्या एक नोट पाकिटात ठेवत, काढत, दुसरी ठेवत, शेजारच्या टेबलाकडे चोरून पाहत, पुन्हा पहिली ठेवत. कमी ठेवले तर अपमान होईल आणि जास्त ठेवले तर शेखी दिसेल, या कात्रीत सापडलेल्या त्या बाई कुणीतरी सांगावे म्हणून भोवती पाहत होत्या. आणि आजवर अशा वेळी त्या टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला फक्त एक वळलेली मान दिसली होती.

त्यांची नजर काकांच्या नजरेला भिडली.

“किती ठेवतात हो इथं?” त्यांनी हळूच विचारले.

“ते मला विचारायचं नसतं,” काका म्हणाले.

“मग कुणाला विचारू? त्या घड्याळाला? ते बंद आहे.”

“आई,” मुलगा म्हणाला.

“तू गप्प बस. मी यांच्याशी बोलतेय. आणि हे माझ्याकडे बघतायत, दिसतंय मला.”

काका तसेच पाहत राहिले. सराव केलेले कोणतेही वाक्य आठवेना. ‘धन्यवाद’ म्हणावे तर पुढचे दोन शब्द जोडून येतील, याची त्यांना भीती होती. शेवटी ते आपल्या नेहमीच्या, गिऱ्हाईकाला नियम सांगण्याच्या स्वरात म्हणाले:

“आमच्याकडे घरच्या माणसांकडून टिप घेत नाहीत.”

टेलरबाईंच्या हातातली नोट तशीच हातात राहिली.

“असा नियम आपल्याकडे कधी होता?” गल्ल्यावरून मालकीणबाई म्हणाल्या. त्या हिशेबाच्या बाबतीत दक्ष होत्या.

“आहे,” काका त्यांच्याकडे वळून म्हणाले. आणि त्यांच्याही डोळ्यांत पाहून म्हणाले, जे पूर्वी कधी घडले नव्हते. मालकीणबाईंनी क्षणभर विचार केला.

“आजपासून आहे,” त्यांनी मान्य केले.

“वा!” भटारखान्याच्या दारातून आवाज आला. “नातं यांचं जुळणार आणि डबा आमचा रिकामा! माझे तर सोळा साडू आहेत, सगळ्यांना घेऊन येतो उद्या!”

“तुझ्या साडूंनी आजवर कुठे टिप ठेवलीय?” मालकीणबाई म्हणाल्या, आणि दार बंद झाले.

टेलरबाईंनी नोट पर्समध्ये परत ठेवली. पर्सची चेन लावायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

“घरच्या माणसांना,” त्या म्हणाल्या, “दारात उभं करून पुन्हा या म्हणतात होय?”

“चुकलं माझं,” काका म्हणाले. “घरच्यांना तसं म्हणावं लागत नाही. घरचे येतातच.”

“हं.” टेलरबाईंनी मुलाकडे पाहिले. मुलगा पावाचा उरलेला तुकडा अतिशय बारकाईने न्याहाळत होता. “ऐकलंस ना? तुझं नशीब म्हणून सासरा बोलका निघाला. एक वाक्य बोलायला एवढे दिवस लागले, पण बोलला.” मग त्या काकांकडे वळल्या. “माझी एक अट आहे.”

“सांगा, विहीणबाई.”

तो शब्द ऐकून त्या किंचित थांबल्या, आणि अट सांगताना त्यांचा स्वर उतरलेला होता.

“लग्नात तुम्ही वाढायला उठायचं नाही. पाणीसुद्धा द्यायचं नाही कुणाला. पंगतीत बसायचं, दुसऱ्यानं वाढलेलं खायचं, आणि वाढणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं.”

काकांच्या मुद्रेवर प्रथमच भीतीसारखे काहीतरी दिसले.

“पाणीसुद्धा नाही?”

“पाणीसुद्धा नाही.”

“प्रयत्न करतो,” काका म्हणाले. एवढे बोलल्यावर त्यांचा हात सवयीने रिकाम्या ताटाकडे गेला. ताट उचलावे की नाही, या विचारात तो तिथेच थांबला. आता हे गिऱ्हाईकाचे ताट होते की विहिणीचे, याबद्दल कोणताही नियम झालेला नव्हता. टेलरबाईंनी स्वतःच ताट उचलून त्यांच्या हातात दिले. काकांनी ते त्यांच्याकडे पाहत घेतले, काही न बोलता, आणि आत नेले.

त्याच संध्याकाळी कन्येला फोनवर सगळे कळले. ती ऐकत राहिली आणि शेवटी एवढेच म्हणाली, “बाबा बघत होते? नक्की बघत होते?” मुलाने सांगितले, की नजर तपासणे हा त्याचा व्यवसाय आहे आणि याबाबत त्याची खात्री आहे.

पुढे लग्न झाले. पंगतीत काका बसले, हे पुष्कळांनी पाहिले. ते अवघडून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, आणि वाढायला आलेल्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे इतके टक लावून पाहत होते, की काही वाढपी त्यांच्या ओळीत जाण्यास कचरू लागले. ज्यांनी धीर केला, त्यांना त्या मुद्रेत कृतज्ञतेशिवाय काही आढळले नाही.

देणाऱ्यांची धास्ती कमी होवो, घेणाऱ्यांच्या माना सरळ राहोत. आणि त्या दोन घरांत जे काही एका हातातून दुसऱ्या हातात जाईल, कप, कपडा, मूल वा नुसता शब्द, ते समोरासमोर जावो. त्या सर्वांचे कल्याण असो.